बावीस घरच्या गौरी

१० ऑगस्ट, रविवार

आज बाविसावं घर घेतलं. घ्यायचं नव्हतं. शिंपोलीच्या बाई फोनवर इतक्या गोड बोलल्या, की ‘बघते’ म्हणायच्या ऐवजी मी ‘येते’ म्हणून बसले. गौरी सगळ्यांच्या घरी एकाच दिवशी येतात आणि मला हात दोनच. हे त्या देवीला माहीत आहे, पण बाविसाव्या घराला कोण सांगणार?

हे सगळं सुरू कसं झालं ते एकदा लिहूनच काढते. सात वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरच्या नलिनीताईंचा हात मोडला होता, म्हणून त्यांच्या उभ्याच्या गौरींना साड्या मी नेसवल्या. लोखंडी स्टँड, पण निऱ्या अशा काढल्या की बाई आत्ता चालायला लागेल. हळदीकुंकवाला आलेल्या बायका मुखवटे सोडून निऱ्याच बघत बसल्या. नलिनीताईंनी माझी ओटी भरली, वर एक पाकीट ठेवलं. मी परत करायला लागले तर म्हणाल्या, “देवीचं आहे, नाही म्हणू नये.” पुढच्या वर्षी चार घरं झाली आणि चार पाकिटं. मग बायका आधीच विचारायला लागल्या, पाकिटात किती घालायचे? आणि मी सांगायला लागले. नेमकी कुठल्या वर्षी सांगायला लागले ते काही केल्या आठवत नाही.

हर्षद सगळ्यांना सांगतो, “हिचा छंद आहे.” मीही तेच सांगते. मार्चमध्ये त्याची कंपनी गुजरातला गेली आणि हा इथेच राहिला. सोसायटीत आम्ही वर्क फ्रॉम होम सांगितलंय. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसतो बिचारा. नवऱ्याचं वर्क फ्रॉम होम आणि बायकोचा छंद, अशी आमच्या घराची व्यवस्था आहे. याच छंदावर दिवाळीपर्यंत घर ओढायचंय, हे आम्ही एकमेकांनाही बोलून दाखवत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

दर्शना आली होती. हिचं इथेच दहिसरला पार्लर आहे, नवरीला नऊवारी नेसवण्यात पटाईत. यंदा मदतीला तिला घेतलीय. त्यांच्यात गौरी नसतात, ते बौद्ध. मी चाचरत विचारलं, तुला चालेल ना? म्हणाली, “ताई, साडी ती साडी. नवरी हलते तरी, ही तर हलत पण नाही.” मागच्या वर्षी एका लग्नघरी कुणीतरी तिचं आडनाव विचारलं होतं म्हणे. हिने सांगितलं, ‘दर्शना ब्युटी पार्लर.’ मी खूप हसले, मग हसले म्हणून वाईट वाटलं.

जाताना म्हणाली, “तुम्ही लोकांना छंद-छंद काय सांगता? धंदा आहे हा.”

मी म्हटलं, “धंदा वेगळा गं.”

“काय वेगळा? तापाने फणफणलात तर गौरींच्या रविवारी सुट्टी घेणार? नाही ना? मग झालं तर.”

रात्री लिफ्टमध्ये तळमजल्यावरचा अनिरुद्ध भेटला. तो सीए आहे. सहज विचारलं, अरे, छंदाचे पैसे मिळाले तर त्याचा धंदा कधी होतो? त्याने तिथल्या तिथे उलटतपासणी घेतली. दर वर्षी करता? हो. मिळकतीच्या हेतूने करता? तसं काही नाही. कुणाला पगारावर घेतलंय? मी लिफ्टचं बटण दाबलं. तो म्हणाला, “वहिनी, मग छंद हे फक्त तुमचं मत आहे.” आगाऊ कार्टा.

घरी आल्यावर सासूबाईंना गंमत म्हणून सांगितलं. आई हसल्या नाहीत. “देवीक नेसवूचो भाव कोण लावता गो?” एवढंच म्हणाल्या आणि माळ ओढत बसल्या. मालवणीत बोलल्या की समजावं, मनातून आलंय. लागलं मला ते. भाव मी लावत नाही. विचारलं तर सांगते.

१७ ऑगस्ट, रविवार

गावाहून गुणाजीकाकांचा फोन. सुनंदाकाकूंना दवाखान्यात ठेवलंय. छातीत पाणी झालंय म्हणे.

गुणाजीकाका हे हर्षदचे सख्खे काका, सुनंदाकाकू त्यांची बायको, म्हणजे आईंची धाकटी जाऊ. पण हे नातं झालं सांगायचं. मामंजी गिरणीत, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, म्हणून हर्षदला चौथीपर्यंत गावी काकूंकडेच ठेवला होता. त्याला न्हाऊमाखू घातलं काकूंनी. अजून तो आजारी पडला की ‘काकू’ म्हणून कण्हतो, आईसमोर. आई ऐकून घेतात.

फोन झाल्यावर हर्षद गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आणि त्याच वेळी, अगदी त्याच वेळी, माझ्या मनात जो शब्द आला तो इथे लिहिते कारण दुसरीकडे कुठे बोलता येणार नाही. सुतक.

काकू भावकीतल्या. काही बरंवाईट झालं तर दहा दिवस मला देवाला हात लावता येणार नाही. बावीस घरच्या देव्यांना तर नाहीच नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

झोप उडालीय. आज दिवसभर फोन वाजत होता आणि प्रत्येक रिंगला मी आधी नाव बघत होते. गिऱ्हाईक की गाव? गिऱ्हाईकच असायचं. जांभळी नेसवाल की हिरवी, पदर उजवा की डावा. मी इतक्या आनंदाने बोलायचे की त्या बायकांना वाटलं असेल, काय प्रेमळ बाई आहे.

मागे आमच्या गावात एक लग्न होतं, तेव्हा आईंनी सांगितलं होतं की बातमी कानावर पडत नाही तोवर सुतक लागत नाही. म्हणून लग्नघरात चार दिवस कुणाला फोन उचलू देत नाहीत. म्हटलं आपणही फोन बंद ठेवावा. पण धंद्याचा, म्हणजे छंदाचा, फोनही तोच. बंद करून बसले तर बावीस घरं गौरी येण्याआधीच दुसरी बाई शोधतील. आणि एकदा गेलेलं घर परत येत नाही, पुढच्या वर्षीही नाही.

आगाऊ घेतलेले पैसे शाळेत भरून झालेत. लेकीची, दिशाची, बारावी.

देवासमोर बसले होते. काकूंना बरं कर, असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, ३१ तारखेच्या रविवारपर्यंत ठेव. गौरी बसेपर्यंत ठेव, मग तुझी मर्जी. बोलून गेले आणि मागे वळले. उंबऱ्यात आई उभ्या होत्या. ऐकलं की नाही कोण जाणे. मी मोठ्याने बोलले नव्हते बहुतेक.

२४ ऑगस्ट, रविवार

हर्षद गावी गेला. आमचा मूळ गणपती गावच्या घरीच बसतो, इथे नाही. पूर्वी आम्ही सगळेच जायचो. गौरींचं वाढलं तशी मी जायची बंद झाले, हे चौथं वर्ष. दर वर्षी काकू फोनवर विचारतात, “येतंस मा गो?” आणि मी म्हणते, पुढच्या वर्षी नक्की.

आईंनी जायला हवं होतं. धाकटी जाऊ अंथरुणाला खिळलेली, मनात असणारच. पण “गुडघे दुखतत” म्हणून राहिल्या. निघताना हर्षदला बाजूला घेऊन काहीतरी बराच वेळ सांगत होत्या. मी गेले तर गप्प झाल्या. आता या घरात मी बाहेरची.

शेजारच्यांनी हर्षदला विचारलं, वहिनी येत नाहीत का? तो हसत म्हणाला, “तिचे गौरींचे लाड असतात ना.” मी पण हसले. हसता हसता असा राग आला! लाड? पाठीचे मणके बोलतात रात्री. एकदा तरी काम म्हण रे बाबा. मोठ्याने म्हटलं नाही मी, कारण मग लोक विचारतील की बायको एवढं काम का करते, आणि मग इस्त्रीच्या शर्टाचं काय होईल.

२७ ऑगस्ट, बुधवार, चतुर्थी

देव पावला! काकूंना काल घरी आणलं. ‘गणपती बघितल्याशिवाय राहूचंय नाय’ म्हणून हट्ट धरला म्हणे. हर्षदने आरतीचा व्हिडिओ पाठवला. काकू भिंतीला टेकून बसल्यात, तोंड एवढंसं झालंय, पण टाळ्या वाजवतायत. मी व्हिडिओ चार वेळा पाहिला. तोंड बरं आहे, रंग बरा आहे, चार दिवस काही होत नाही, असं स्वतःशी म्हणत पाहिला. भाजी घेताना वांगी पाहते तशी मी काकूंना पाहत होते. चार दिवसांनी मन भरून रडेन. आत्ता वेळ नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आज घर विचित्र आहे. सकाळी मी वझिऱ्याला एका घरी स्टँडची मापं घ्यायला गेले होते. आले तर आई भर दुपारी डोक्यावरून आंघोळ करून बसलेल्या. म्हटलं, बरं वाटत नाही का? म्हणाल्या, “उकडता.” पंखा बंद होता.

दिशाने माझा फोन मागितला. म्हणाली, “मम्मी, स्टोरेज भरलंय, गौरीचे फोटो कुठे राहणार? दे, साफ करते.” अर्धा तास घेऊन बसली. या मुलीने आजवर स्वतःहून एक पेला विसळला नाही. तिचे डोळे लाल होते. विचारलं तर म्हणाली सर्दी.

संध्याकाळी नलिनीताईंकडून उकडीचे मोदक आले. आईंना मोदक म्हणजे जीव की प्राण. आज ताट सरकवून ठेवलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

आता लिहितेच. आईंनी माझ्यावर बहिष्कार टाकलाय.

बावीस घरच्या साड्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर लावून ठेवल्यात, घरवार. आई त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. मी म्हटलं, जरा ही पैठणी धरता का, घडी मोडते मी. त्या अशा मागे सरल्या की जणू निखारा पुढे केला. “माका लावू नको.” स्वयंपाकघरात येत नाहीत. देवपूजा मला करायला सांगितली. रात्री कोपऱ्यात चटईवर झोपतात, कंबर दुखते म्हणे. भात आणि बिनफोडणीची डाळ, बस्स.

मला कळत नाही का? देवीला भाव लावणारीचा विटाळ होतोय त्यांना. बोलत नाहीत, अंग चोरून दाखवतात. हे असलं सोवळं मी लग्नाला वीस वर्षं झाली तरी यांच्यात पाहिलं नव्हतं. यांच्या गुडघ्यांचं औषध कुठल्या पैशातून येतं, विचारू का एकदा?

आणि दिशा! उद्या-परवा टाचण्या लावायला, दागिने चढवायला तिला धरून चालले होते. संध्याकाळी म्हणते, “मम्मी, मला पिरियड्स आलेत. मी नाही हात लावू शकत.” म्हटलं, अगं, मागच्याच आठवड्यात तर झालं तुझं! तर खाली बघत म्हणाली, “इर्रेग्युलर झालंय.” वाट लागली. आता मी आणि दर्शना, दोघीच.

हर्षदचा फोन नाही. म्हणजे येतो, पण आईंच्या त्या बटणांच्या फोनवर. आई गॅलरीचं दार लावून बोलतात. मला मेसेज येतो, ‘रेंज नाही.’ आरतीचा व्हिडिओ मागितला तर उत्तर नाही. भावकीच्या ग्रुपवर एरवी दर तासाला प्रसादाचे फोटो, यंदा एकही आला नाही, उघडून बघायला मला वेळ नाही. रागावले असतील सगळे, मी गेले नाही म्हणून. रागवा. चार घास मिळवते म्हणून एवढा राग?

३० ऑगस्ट, शनिवार

आजपासून नेसवायला सुरुवात. काही घरांनी साड्या आजच नेसवून मागितल्या, उद्या फक्त मुखवटे चढवतील. चिकूवाडी, बाभई, मग वझिरा. दर्शनाचा हात मशीनसारखा चालतो.

शिंपोलीच्या गोड बाईंनी दारातच थांबवलं. “राग मानू नका हं, पण विचारावं लागतं. तुमच्याकडे सोयर-सुतक वगैरे काही नाही ना?”

गावी पडलेल्या काकू डोळ्यांपुढे आल्या. पण खोटं कशाला बोलू? म्हटलं, “नाही हो, काही नाही.” आत गेले, हात धुतले आणि देवीच्या पायाशी बसले. अंजिरी रंगाची साडी होती. पहिली निरी दोनदा हातातून सुटली. खरं बोलूनही निरी का सुटावी?

घरी यायला उशीर झाला. आई जाग्या होत्या. चटईवरूनच म्हणाल्या, “जेवलंस?” मी उत्तर दिलं नाही. जेवलेही नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

उभं राहवत नाही. तरी लिहिते. बाविसाच्या बावीस झाल्या.

पहाटे निघालो. रिक्षात दोन पिशव्या, एकीत टाचण्या, एकीत केळी. देवीपाड्याच्या एका घरी स्टँड एवढा उंच निघाला की सहावारी पुरेना. आतून दुसरी साडी जोडून निऱ्या काढल्या, बाहेरून कुणाला कळलं नाही. एका घरी सासू-सुनेचं भांडण, साडी सासूची की सुनेची. मी म्हटलं, देवी दोन आहेत, एकेकीला एकेक. दोघींनी ओटी भरली. शेवटच्या घरी मुखवटा चढवताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दर्शनाने मागून धरलं, कुणाला कळू न देता, आणि कानात म्हणाली, “ताई, पडायचं असेल तर जिन्यात पडा.”

प्रत्येक घरातून निघताना मी फोन बघत होते. गावचा फोन नाही. प्रत्येक वेळी मनात म्हणायचे, अजून एक घर, काकू, अजून एकच.

१ सप्टेंबर, सोमवार

दिवसभर झोपले. उठून देवासमोर साखर ठेवली. त्याने माझं ऐकलं. काकूंना ठेवलं. इतकी हलकी झाले की आईंवरचा रागही गेला. हर्षदला लिहिलं, ‘काकूंना सांग, गौरी गेल्या की मी येते. पुढच्या वर्षी नाही, याच आठवड्यात.’ त्याने मेसेज वाचला. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

हे लिहायलाच हवं.

संध्याकाळी सोसायटीतल्या गौरी विसर्जनाला गेल्या. खिडकीतून ताशे ऐकू येत होते. ते लांब गेले, तसं आईंनी हाक मारली. “रुचिरा, हय ये. बस. माझ्यापासून लांब बस.” दिशा दाराला टेकून उभी होती आणि आधीच रडत होती.

आई म्हणाल्या, “सुनंदा गेली गो. बेस्तरवारी सकाळी.”

मला बराच वेळ बेस्तरवार म्हणजे कुठला वार तेच सुचेना. गुरुवार. मी वझिऱ्याला मापं घेत होते तेव्हा.

मग एकेक उलगडत गेलं, कुणी न सांगता. भर दुपारची आंघोळ. चटई. बिनफोडणीची डाळ. दिशाने माझ्या फोनमधून भावकीचा ग्रुप काढून टाकला होता. तिला काही आलंबिलं नव्हतं, बातमी ऐकलेली होती, म्हणून साड्यांना हात लावता येत नव्हता. आई त्या खोलीत येत नव्हत्या, कारण त्यांना सुतक होतं आणि देवीच्या साड्यांना ते लागू द्यायचं नव्हतं. माझ्या विटाळाने नव्हे. स्वतःच्या विटाळापासून मला वाचवत होत्या.

मी ओरडले. “मला का नाही सांगितलंत? कोण तुम्ही ठरवणाऱ्या?”

त्या शांतपणे म्हणाल्या, “सांगला असता तर काय केला असतंस?”

“थांबले असते!”

“नाय थांबली असतंस.” आई माझ्याकडे बघतही नव्हत्या. “थांबाक येवक होया ना बाये? घर बंद पडला असता. तू गेली असतंस नेसवूक, आणि मगे जन्मभर त्येचा पाप डोक्यार घेवन बसली असतंस. म्हणान माझ्या डोक्यार घेतलंय. माझा काय, माझा जावचा वय.”

मी म्हणणार होते की मी असं कधीच केलं नसतं. म्हटलं नाही.

“तू देवाकडे काय मागी होतंस ता आयकलंय मी,” त्या म्हणाल्या. “चुकीचा नाय मागलंस. पोटासाठी मागलंस.”

ही बाई स्वतःच्या जावेसाठी इतके दिवस मोठ्याने रडली नाही. आपला मुलगा जिच्या ओटीत टाकून मुंबईला आली, तिच्या मरणाची बातमी गिळून कोपऱ्यात बसली, आणि मी तिच्या ‘जेवलंस?’ला उत्तर दिलं नाही. मी त्यांच्या पायाशी गेले. त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला, मग म्हणाल्या, “आता शिव. आता तुकाव सुतक लागला.” तेव्हा त्या रडल्या. आम्ही तिघी रडलो. मग त्यांनीच मला डोक्यावरून आंघोळ करायला पाठवलं.

९ सप्टेंबर, मंगळवार. गावी

काल बारावं झालं. आज पाहुणे पांगले.

इथे मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. गुणाजीकाका तर उलट विचारतात, “गौरी बऱ्या झाल्यो मा?” मी मान हलवते.

दुपारी विहिरीवर शेजारच्या कमलवहिनी भेटल्या. कळशी भरता भरता बोलत होत्या. काकू सवाष्ण गेल्या, तेव्हा रीतीप्रमाणे हिरवी साडी, हिरवा चुडा, कपाळभर कुंकू. आंघोळ घातली. नेसवायची वेळ आली तेव्हा आजारपणाने अंग आखडलेलं, बायकांना काही जमेना.

“मगे सगळ्याच म्हणाल्यो, रुचिराक बोलवा. तिचो हात बसलेलो. ती मोटारीन येतली तर थांबाया सांजेपर्यंत.” वहिनींनी कळशी कमरेवर घेतली. “हर्षद म्हणालो, नको थांबूक. ती कामार आसा.”

“काय म्हणाला?”

“कामार आसा म्हणालो. मगे आमीच नेसवली कशीतरी. गुंडाळलीच म्हण. पदर आखूड झालो. निऱ्यो काय सुटसुटीत येवक नाय. जाळूकच तर होती, असा म्हणाले सगळे. पण तुझी आठवण झाली हां.”

त्या गेल्या. मी विहिरीच्या कठड्याला धरून राहिले. बावीस घरी लोखंडाच्या सळ्यांना निऱ्या काढल्या मी, एक चुकली नाही. आणि काकू आखूड पदराने गेल्या.

संध्याकाळी हर्षद मागच्या पडवीत एकटा बसला होता. डोकं भादरलेलं, ओळखू येत नव्हता. मी जाऊन बसले. विचारलं, “ती कामावर आहे, असं म्हणालास तू?”

त्याने भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

“मग काय म्हणणार होतो, रुचा? काकू अंगणात ठेवलेली. वीस-पंचवीस बायका माझ्या तोंडाकडे बघतायत. छंद आहे म्हणू? माझी बायको छंद करतेय, थोडी बिझी आहे, म्हणू?” तो उठला, परत बसला. “छंदाला गेलेल्या माणसाला बोलवून घेतात ना. मी तुला बोलवू शकत नव्हतो. म्हणून म्हटलं, कामावर आहे. सगळ्यांच्या समोर म्हटलं. घर तिच्यावर चाललंय, ते पण म्हटलं. कुणी काही विचारलं नाही मग.”

किती वर्षं मी वाट बघत होते त्याने हे म्हणावं म्हणून. चारचौघांत म्हणावं, न लाजता म्हणावं. म्हटलं शेवटी. काकूंच्या उशाशी उभं राहून म्हटलं, मी तिथे का नाही याचं कारण म्हणून.

मला त्याचे आभारही मानता येईनात आणि भांडताही येईना. नुसती त्याच्या बाजूला बसून राहिले. आत आईंनी दिवा लावला आणि आम्हाला जेवायला हाक मारली.